क्षमाआत्याची बँडविड्थ

मुलुंड, ६ जानेवारी

चि. गार्गीस क्षमाआत्याचे अ. उ. आ.

तू इंजिनिअर, म्हणून तुलाच छळते. मला दुरुस्तीच्या टेबलासाठी डिजिटल ऑसिलोस्कोप घ्यायचाय. आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारं ते यंत्र मी सीप्झच्या कारखान्यात वर्षानुवर्षं वापरलं, पण ते साहेबांनी निवडलेलं. आता स्वतः निवडायला गेले, तर साडीच्या दुकानात नवरदेवाची होते तशी गत झाली. दोन चॅनल की चार, बँडविड्थ पन्नास मेगाहर्ट्झ की शंभर, असं दुकानदार बराच वेळ बोलला. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि रिकाम्या हाताने परत आले.

घाई अशासाठी, की भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर मी दुरुस्त करून दिला आणि तो दोनदा परत आला. मंडळाचे चंद्रप्रकाश म्हणतात, त्यात बारीक शिट्टी वाजते, सगळ्यांना ऐकू येते. मला तर काही ऐकू येत नाही. म्हटलं, डोळ्यांनीच बघावी. पुन्हा परत आला, तर या टेबलावर कणीक मळायला घेईन.

फोन करू नकोस, इथे रेंज नसते. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
क्षमाआत्या

---

बोरिवली, ११ जानेवारी

ती. क्षमाआत्यास गार्गीचा सा. न. वि. वि.

पोस्टमनने तुझं पत्र दिलं तेव्हा आईला वाटलं, नोटीसच आली. आधी तुझं काम. दोन चॅनल पुरेत: एकावर आत जाणारा आवाज बघ, दुसऱ्यावर बाहेर येणारा. बँडविड्थ म्हणजे किती बारीक लाट पकडता येते त्याची हद्द. माणसाचा कान वीस किलोहर्ट्झला थांबतो, म्हणजे पन्नास मेगाहर्ट्झसुद्धा तुला चैनच. शंभरचा घेतलास, तर तो भजनं सोडून विमानांच्या गप्पा ऐकत बसेल.

आता राग येईल असं लिहिते. शिट्टी अख्ख्या मंडळाला ऐकू येते, फक्त तुला नाही. आणि मुलुंडची रेंज कधी गेली गं? पूर्वी तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, की तो टीव्ही शिट्टी मारतोय, बंद करा. आम्हाला कुणालाच ऐकू यायची नाही. आत्या, तुला कमी ऐकू येतंय का? स्कोप घेऊच, पण आधी कान तपासून घे. मी सोबत येते.

रागावलीस तरी लोभ शाबूत ठेव.

तुझी,
गार्गी

---

मुलुंड, ३ फेब्रुवारी

चि. गार्गीस अ. उ. आ.

आधी तुझ्यावर चिडले, मग घाबरले. कान गेला तर टेबल गेलं, आणि टेबल गेलं तर माझ्याकडे उरतं काय, मधुमेह आणि मालिका. तपासायला एकटीच गेले. सोबत तू असतीस तर रडले असते.

तिथल्या मॅडमनी माझ्या कानांचा आलेख पुढे ठेवला आणि लहान मुलाला समजवावं तसं बोलू लागल्या. मीच त्यांना सांगितलं, की माझी बँडविड्थ दोन किलोहर्ट्झला संपते. जन्मभर लोकांच्या मशीनना नावं ठेवली, आता माझंच मशीन तसलं निघालं. वर कानाच्या मशीनलाही चॅनल असतात म्हणे. मी सवयीने दोन पुरेत म्हटलं, तर त्या हसल्या. सोळा आहेत. कानासमोर स्कोप गरीब ठरला.

तोही काल आला, तू सांगितलास तोच. कानात मशीन घालून अ‍ॅम्प्लिफायर लावला. पडद्यावर लाटेच्या अंगावर बारीक काटे दिसले आणि त्याच वेळी शिट्टी ऐकू आली. इतकी कर्कश, की मंडळाने ती सोसली याची मला लाज वाटली. एक कपॅसिटर बदलला की काम होईल.

अजून बदललेला नाही. चंद्रप्रकाश न्यायला आले होते, त्यांना उद्या या म्हटलं. मला ती आणखी थोडी ऐकायची आहे.

आत्यावर माया असू दे. आता मोठ्याने सांगायची गरज नाही.

तुझी,
क्षमाआत्या