रिकाम्या खोळीची पूजा

अण्णा,

परवा तुमची बंदूक आणायला मी पोलीस ठाण्यात गेलो होतो. सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बंदुकीची खाकी खोळ खांद्याला अडकवून पाथर्डीच्या गाडीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "मॅचला का?" मी म्हटलं, येताना बघा काय आणतो ते. एवढा ताठा होता मला. एकवीस पूर्ण झाली होती ना. तुम्हीच सांगितलं होतं, एकवीस झाल्यावर ती तुझ्या नावावर होईल, तोवर ठाण्यात सांभाळून ठेवलीय.

तुम्ही गेलात तेव्हा मी पाचवीत होतो, त्यामुळे माझ्याकडे तुमचं फार काही नाही. जे आहे त्यात निम्मी ती बंदूकच आहे. साखर कारखान्यावर तुम्ही गनमॅन. पगाराच्या दिवशी मला बरोबर न्यायचात. मळीचा तो आंबूस वास, कॅशच्या खिडकीशेजारचं तुमचं स्टूल, मांडीवर आडवी बंदूक, आणि समोरून जाणारा जो तो "राम राम बंदूकवाले" म्हणणार. एकदा मी घोड्याला बोट लावलं. तुम्ही मारलं नाही. मनगट धरून ठेवलंत, दुखेपर्यंत. "हिला राग कळत न्हाई. तो मानसानं घरी ठिवून यायचा असतो." हे वाक्य मी कॉलेजात किती जणांना सुनावलंय. स्वतः मात्र मारामारी करूनच दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, ते जाऊ द्या.

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची, हे मला शाळेच्या सुट्ट्यांसारखं पाठ होतं. मी मोटारसायकलच्या टाकीवर, तुमच्या पाठीला बंदूक. चौथीत असताना अशीच एकदा दिली, ती परत आलीच नाही. मी विचारलं की आधी तुम्ही म्हणायचात, निवडणूक लांबली; पुढं म्हणायला लागलात, तू एकवीसचा झाल्यावर. खोळ तेवढी घरी राहिली. "खोळ न्हाई घेत ते." त्या खंडेनवमीला तुम्ही विळ्याखुरप्याशेजारी पाटावर ती खोळच ठेवलीत, हळदकुंकू वाहिलंत, झेंडूची माळ घातलीत. तुमच्यामागं आईनं तेच चालू ठेवलं, आणि मी दर वर्षी त्या खोळीच्या पाया पडत आलो. त्याच सुमारास तुम्ही कॅशच्या खिडकीवरून गेटवर आलात, हातात काठी. त्याचंही मला काही वाटलं नाही. बंदूक ठाण्यात आहे म्हटल्यावर काठीच असणार.

आता एका मुलीबद्दल. कॉलेजात ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिच्या वडिलांची एकच अट, पोरगा नोकरीला पाहिजे. माझ्याकडे ना डिग्री, ना कुणाची ओळख. पण स्वतःची परवान्याची बंदूक असली की बँकावाले, कारखानेवाले गनमॅन म्हणून उभ्या उभ्या घेतात, हे मी तिला इतक्यांदा ऐकवलं की ती चिडवायची, "तुझ्या बंदुकीचं माहेरपन कधी सरायचं रं?" तुम्ही दिलेलं रिकामं काडतूस मी तिला दिलं होतं. ओठाला लावून फुंकलं की शिट्टी वाजायची, तेच. देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

तर ठाण्यात टेबलामागं पिकल्या मिशांचे एक हवालदार होते. मी त्यांच्यापुढं तुमचा खंडेनवमीचा फोटो ठेवला, बंदुकीसकटचा. त्यावर सरपंचांचा दाखला ठेवला, की सदर बंदूक अर्जदाराच्या वडिलांची असून ही गोष्ट सर्व गावास ठाऊक आहे.

"परवान्याचं पुस्तक?"

"तुमच्याकडंच आसंल की, बंदुकीबरोबर."

"आमी काय वाचनालय काढलंय?"

बाकीचे हसले. माझं डोकं सटकलं. टेबलावर हात आपटून म्हणालो, "साऱ्या गावाला म्हाईत हाय ती आमची हाय म्हनून!"

"हात खाली घे आदी. गावाच्या माहितीवर सोयरीक जमती, बंदूक न्हाई मिळत."

मग त्यांनीच मला खुर्ची दिली आणि नीट समजावलं. बंदुकीला नंबर असतो, तो ज्याच्या परवान्यावर चढलेला, त्याची ती बंदूक. विकायची तरी घेणाऱ्याकडे परवाना लागतो, आधी अर्ज, मग मंजुरी, मग ताबा. धनी मेला तर वारसानं आधी स्वतःचा परवाना काढायचा, त्यात महिनेच्या महिने जातात. मला वाटलं होतं, एक सही घेतील आणि हातात देतील.

बोलता बोलता त्यांनी चष्मा लावून फोटो पुन्हा उचलला. "तू ह्यांचा व्हय?" आवाज एकदम खाली आला. "आरं, ही बंदूक त्यांनी जित्तेपनीच विकली. शेवगावकडच्या एका बागाईतदाराला. समदं कागदोपत्री, हितंच ताबा दिला. मधी माझ्या बदल्या झाल्या, फिरून हितंच आलो, पन ध्यानात हाय. सही त्यांनी माझ्याच पेनानं केली. आन् बाहीर पायरीवर एक पोरगं काडतुसाची शिट्टी वाजवीत बसलं हुतं. साहेब वरडले, गप करा त्याला."

ते पोरगं मी.

मी बाहेर येऊन त्याच पायरीवर बसलो. त्या दिवशी कुठं प्रचाराचा भोंगा वाजत नव्हता, कुठं झेंड्याची जीप नव्हती. नवं धोतर नेसलेल्या एका माणसानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता; तोच तो घेणारा असणार. काडतूस तुम्ही मला त्याच सकाळी दिलंत, आणि नंतर स्टँडवर भेळ. अण्णा, तुमच्या हातून मला मिळालेली ती एकच वस्तू. ती मला बाहेर गुंतवून ठेवायला होती का?

घरी आलो तेव्हा आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी खोळ तिच्यापुढं फेकली.

"कुनी सांगितलं?" ती म्हणाली. खोटं आहे, असं म्हणाली नाही.

"मला सोडून कुनाकुनाला म्हाईत हाय?"

"साऱ्या गावाला."

भाकरी उलटून तिनं सांगितलं. बांध कोरला म्हणून काकाशी भांडण झालं, आणि तुम्ही भरलेली बंदूक घेऊन बांधावर गेलात. "नळी म्या धरली हुती. अशी, छातीला लावून. गार हुती. मग ते रडाया लागले. दुसऱ्याच दिशी अर्ज दिऊन आले."

"मग माझ्याशी खोटं का?"

"तूच रोज इचारायचास, बंदूक कवा आननार. पोरापुढं बिनबंदुकीचं व्हायला जमलं न्हाई त्यांना."

म्हणजे राग घरी ठेवून यायचा, हे तुम्ही माझं मनगट धरून मला शिकवलंत, आणि स्वतः सख्ख्या भावावर नळी रोखलीत. तेही मी समजून घेईन, रक्त तेच आहे. पण बंदूक विकायला तुम्ही किती जणांना कळवलंत! घेणाऱ्याला, ठाण्याला, वरच्या हापिसाला, सगळीकडं सह्या केल्यात. गावाला तर न सांगता कळलं. सरपंचांनी मला तो दाखला लिहून दिला तेव्हा पापणीसुद्धा हलवली नाही, उलट चहा पाजला. ज्याच्या नावावर होणार म्हणून सांगत होतात, त्याला तेवढं कळवायचं राहिलं. मी त्या खोळीच्या पाया पडत होतो आणि आई शेजारी उभी राहून बघत होती.

हा कागद मी कुठं टाकणार? खोळीतच सारून ठेवतो. येत्या खंडेनवमीला तिला पाटावर जागा देऊ नकोस, असं आईला सांगितलंय. तिनं खोळीवरची राख झटकली आणि ती खुंटीला अडकवली.

एक राहिलं. बंदूक नोकरीसाठी पाहिजे, असं मी हवालदारांना सांगितलं, आईलाही तेच. पण आदल्या संध्याकाळीच त्या मुलीचा फोन येऊन गेला होता. साखरपुडा ठरलाय, मुलगा चाकणला कंपनीत आहे, तू आता फोन करू नकोस. म्हणजे नोकरी कुणासाठी करायची, हा प्रश्नच उरला नव्हता. तरी सकाळी मी खोळ घेऊन निघालो. ठाण्यात जाण्याआधी स्टँडवर थांबून मी चौकशी केली होती, तिच्या गावाला गाडी किती वाजता आहे म्हणून.