उरलेल्या चार ओळी

३ ऑक्टोबर, सोमवार

पोचलो एकदाचे! मोटार वाहनबंदीच्या पाटीपाशीच थांबली. तिथून पुढे चाकं चालतात ती फक्त सायकलची. बॅगा ओढत, धापा टाकत, हसत आम्ही दोघं नवरा-बायको खोलीपर्यंत आलो.

इथे पूर्वी रेल्वेचा फाटा होता. तो बंद पडला, रूळ उखडले आणि त्या जागी बारीक खडीचा दाबून बसवलेला रस्ता झाला. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी. आगगाडीसाठी आखलेली वाट, त्यामुळे चढ इतका हलका की म्हाताऱ्यांनाही झेपावा. आमची खोली म्हणजे जुन्या फाटकवाल्याचं घर. खिडकी थेट रस्त्यावर उघडते. घरमालकीण बाई बोलकी आहे. गरम पाण्याचा नळ कुठला हे तिने तीनदा सांगितलं, आणि तरी मी गार पाण्यानेच अंघोळ केली.

चार किलोमीटरवर बोगदा आहे म्हणे. सहाशे पावलांचा, मध्ये वळण असलेला. एका तोंडातून दुसऱ्या तोंडाचा उजेड दिसत नाही. तिथे उतरून चालत जायचं.

मुलीने फोनवर दम दिला, बाबा, या वयात हाडं मोडून घेऊ नका. तिला काय कळणार! अडुसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा हिला सायकलवर बसवणार आहे. शाळेत माझ्याकडे सायकल नव्हती. आमच्या वर्गातल्या लंबूकडे होती. ही त्याच्या कॅरिअरवर बसून वेणी उडवत जायची आणि मी दप्तर सांभाळत मागून चालायचो. एकदा, फक्त एकदा, ही माझ्या सायकलवर हवी. तेवढ्यासाठी आलो आहे.

४ ऑक्टोबर, मंगळवार

जोडसायकल घेतली. लांबलचक, हिरवी, दोन सीटची, मागे कॅरिअर. सायकलवाल्याने समजावलं की दोघांची पायडलं एकाच साखळीने बांधलेली असतात. एकाने मारली की दुसऱ्याचीही फिरतात. हँडल आणि ब्रेक पुढच्याकडे. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, तोल जातो. मागच्याला समोर दिसते ती फक्त पाठ. "काका, तुम्ही नुसते ड्रायव्हर. इंजिन काकूच!" असं तो म्हणाला, तेव्हा ही जरा जास्तच हसली. माझ्या विनोदाला इतकी हसल्याचं आठवत नाही.

पहिल्या दोनशे हातांत तीनदा डळमळलो. मग जी लय सापडली! शाळेतल्या कविता आपोआप ओठांवर आल्या. पायडलाची चाल आणि मात्रांची चाल अगदी एक.

लांबलचक चढावर माझा दम संपला, पाय सैल पडले. सायकल मात्र मंदावली नाही. कोणी पाठीला हात लावून ढकलावं तशी वर गेली. वर पोचल्यावर मी हिला म्हणालो, भलतीच दमदार निघालीस तू. हिला नवल वाटलं. गुडघे दुखत होते म्हणून हिने पाय नुसते टेकवले होते. ती माझंच कौतुक करणार होती.

वारा असेल, असं ठरलं. पण कडेचं गवत हलत नव्हतं.

बोगद्यात चालत गेलो. मला पावलं ऐकायची सवय आहे. माझी ऐकली, हिची ऐकली, आणि आणखी एक जोडी. हिच्या मते तो प्रतिध्वनी.

५ ऑक्टोबर, बुधवार

सायकलवाल्याने आज मला झापलं. कॅरिअर वाकलाय. "काका, ही दोघांची सायकल आहे, तिघांची नाही. कोणाला बसवलं होतंत मागे?" मी रागावलो. ही मात्र वाकलेल्या कॅरिअरवर हात ठेवून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, मी बसायचे अशी, एकेकाळी.

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हिने लंबूची आठवण काढली नव्हती. घास गोड लागेना.

आज लिहून टाकतो. इथे तरी.

दहावीच्या सुट्टीत लंबू तापाने पडला होता. आमचं घर हिच्या शेजारी, म्हणून त्याने माझ्याकडे एक घडी केलेला कागद दिला. हिला द्यायला. त्यात कविता होती. घडीच्या वर चार ओळी, खाली चार. मी वरच्या वाचल्या:

घाटामागे घाट निळासा, वाट तयातुन जाई,
तुझ्या पाउलांवाचुन तिजला कुठले गावच नाही;
थांब जराशी वळणावरती, मागुन कोणी येई,
नाव न त्याचे ठाउक तरिही ओळख पटते काही.

वर्गात कवी मी होतो. निदान मी तसं समजत होतो. एवढं चांगलं त्याने लिहावं? आणखी चार ओळी सोसण्याची ताकद माझ्यात नव्हती. खालचा अर्धा न वाचताच फाडला आणि चुलीत टाकला. वरच्या ओळी हिच्या वहीत उतरवल्या, खाली माझं नाव घातलं. त्याच चार ओळींवर हिने माझ्याशी लग्न केलं.

लंबूने त्या आठवड्यात मला दोनदा विचारलं, उत्तर आलं का. तिसऱ्यांदा विचारायला तो जगला नाही.

उरलेली कविता कधी पुरी करणार, असं ही दरवर्षी विचारते. मी म्हणतो, सुचत नाही.

६ ऑक्टोबर, गुरुवार

धुकं होतं. मी पुढे, ही मागे. वळणावर स्पष्ट ऐकलं:

आधी नाही, नंतर येइन, मजला नाही घाई,

तीच चाल. तेच यमक. पाचवी ओळ. मी करकचून ब्रेक दाबले. कुठे ऐकलंस हे, असं हिला विचारलं. हिचे डोळे भरून आले होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "तुम्हीच म्हणालात की आत्ता! सुचलं एकदाचं!"

माझे ओठ मिटलेले होते.

पण हिचा चेहरा असा उजळला होता, सोळा वर्षांच्या मुलीसारखा, माझ्यासाठी. मी म्हणालो, हो. सुचलं.

पुन्हा चोरली. या वयात.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

गुडघा सुजला म्हणून नऊपर्यंत झोपून होतो. उठलो तर ही शेजारी नाही. घरमालकीण खिडकी पुसत होती. तिने हसून सांगितलं की सकाळी आम्हा दोघांना सायकलवर जाताना पाहिलं, तिने हात केला आणि म्हणे मीही केला. वर म्हणाली, "काका, सायकलवर बसलात की किती उंच दिसता हो!"

मी पाच फूट तीन इंच आहे.

ही दहाला परतली. गाल लाल, केसांत गवताचं बी. मी विचारलं, पुढे कोण होतं? तिला थट्टा वाटली. "तुम्ही, दुसरं कोण? वळून बघत नाही म्हणून काय मी पाठ ओळखणार नाही?" मग गुणगुणली, सोबत जागा ठेव रिकामी... आणि हसून म्हणाली, पुढचं उद्या सांगतो म्हणालात, लक्षात आहे ना?

दिवसभर मी तिच्या हातांकडे बघत होतो. त्या हातांनी कोणाचा शर्ट धरला होता? भीती वाटायला हवी. वाटते आहेच. पण भीतीच्या वर काहीतरी जळतं आहे.

८ ऑक्टोबर, शनिवार

सायकल खांबाला बांधली. कुलूप. किल्ली माझ्या खिशात. हिला सांगितलं, उद्या निघायचं. ती रुसली. ओळी अजून पुऱ्या कुठे झाल्या?

दुपारी धीर केला. म्हणालो, ती कविता माझी नाही. ती हसत सुटली. "तुमची नाही तर कोणाची?"

नाव जिभेवर आलं होतं. नाही घेतलं. सांगितलं तर ही त्याची होईल — पहिल्यापासूनची, सगळी पंचेचाळीस वर्षं त्याची. नाही सांगितलं तर माझ्या नावाने त्याच्याबरोबर जाईल. निदान नाव तरी माझं —

काय लिहितो आहे मी हे!

खिडकीखाली घंटी वाजली. सायकलची. ही खुर्चीतून उठली आणि केस नीट केले.

९ ऑक्टोबर, रविवार. सकाळ

ही नाही. सायकल नाही. कुलूप खांबाला तसंच, न उघडलेलं. किल्ली माझ्या मुठीत.

घरमालकीण म्हणाली, अहो, आत्ता तर गेलात तुम्ही! आणि माझ्याकडे बघून दोन पावलं मागे सरकली.

चालत निघालो. दप्तर सांभाळत चालायचो तसाच — हातात ही वही.

बोगद्यापाशी

चिखलात चाकांची रेघ आत गेली आहे. उतरल्याच्या खुणा नाहीत. तोंडाशी बाकावर बसलो. लिहिलं नाही तर ओरडेन.

आतून तिचा आवाज येतो आहे, कविता म्हणणारा. सातवी ओळ. मी कान झाकले. आताही ऐकवत नाही मला — इतकी चांगली —

आठवी उरली. ती व्हायच्या आत नाव घ्यायला हवं.

घेतलं. ओरडून सांगितलं. कविता लंबूची आहे! मी चोरली! तू माझ्याकडे ये!

कविता थांबली.

तिने हाक मारली. "अहो!"

मी म्हणालो, आलो! आणि आत, वळणापलीकडे, माझ्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, काय गं?

"अहो, मागून कोण ओरडतंय हो?"

मला नाही विचारत. त्याला विचारते आहे. आणि तो, न वळता, सांगतो आहे की मागचा तो कोणी नाही, आपल्या वर्गात एक होता, दप्तर घेऊन मागून चालायचा, त्याचं नाव —

तिला आठवत नाही. ती म्हणते, नाव नाही आठवत हो, पण ओळख —

घंटी. पायडलं. इकडे नाही, पलीकडच्या तोंडाकडे — थांब — जराशी — वळणावर — मी मागून ये