गरम बाजू कोणती, ते मी ठरवणार

तीर्थस्वरूप मामा,

वाकून नमस्कार. तुमची कंबर काय म्हणते? मामीने दात काढून घेतला, की अजून डॉक्टरलाच समजावतेय? मी मजेत आहे. फक्त उजवा हात भाजलाय आणि साहेबांशी बोलणं बंद आहे.

तर झालं असं. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही चुंबक बनवतो ते इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारभर मावतील (खाली पडला तर शोधायचा नाही, सरळ दुसरा बनवायचा). त्यात वीज सोडून त्याची दिशा उलटवायची, हे माझं काम. गेल्या महिन्यात थंड करणारा पंप बंद पडला, चुंबक ज्या चकतीवर बसवतो तिची एक बाजू तापली आणि माझा सगळ्यात हट्टी चुंबक निम्म्या विजेत वळला! साहेब म्हणाले, "तापला की चुंबक ढिला पडतोच. तो आकडा खोडा." मी म्हटलं, "नाही खोडत." (तोंडातून निघून गेलं. आपल्या घराण्याचं तोंडच तसलं.)

मग मी चकतीच्या वर-खाली दोन इवल्या शेगड्या बसवल्या (हात तिथेच भाजला). दोन्हीकडून सारखं तापवलं, तर फारसा फरक नाही. उष्णता वरून खाली वाहू दिली, की गडी लगेच वळतो. खालून वर वाहू दिली, की थंड असतानापेक्षाही जास्त अडून बसतो. म्हणजे मामा, प्रश्न नुसत्या गरमपणाचा नाही. उष्णता कुठून कुठे जाते, तेही त्याला कळतं! साहेबांना कळेना. म्हणाले, अहवालातलं ते पान काढा. मी त्या पानाला आणखी दोन पानं जोडली.

परवा तपासणीला पाहुणे आले. साहेबांनी मला मागे, कपाटापाशी उभं केलं. पाहुण्यांतल्या एक वयस्कर बाई अहवाल चाळत माझ्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे उलट करून दाखवता येईल?"

साहेब म्हणाले, "यंत्र जरा नादुरुस्त..."

मी कपाटापासून ओरडले, "येईल!"

दाखवलं. बाई साहेबांच्या खुर्चीत बसल्या आणि अकरा वेळा उलटसुलट करायला लावून मगच उठल्या. आता साहेब जो भेटेल त्याला "माझा शोध" म्हणून सांगत फिरतात. मी सोडणार नाही.

तुमची,
भाची

ता. क. साहेबांना चार पानी खरमरीत पत्र लिहिलंय.

ता. क. २. ते अजून दिलेलं नाही. सोबत जोडलंय. कारखान्यात युनियनची पत्रं तुम्हीच लिहायचात ना? शिव्या तेवढ्या सभ्य करून परत पाठवा. पण मामा, एकही कमी करू नका.