मिलिटरीचं ब्लँकेट

३ डिसेंबर १९९६, सांगली
मुलगी झाली. उमा बरी आहे. आनंद आहेच. पण शेजारच्या कॉटवर मेहुणी संयोगिता, तिला परवाच मुलगा झाला. म्हणजे साडू, फौजेतला हवालदार जयराज, इथंही पुढे. सुट्टीवर आलाय, तरी युनिफॉर्ममध्ये फिरतो. नर्सेस चहा आधी त्याला देतात.

४ डिसेंबर
डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाळांच्या टाचेतून थेंबभर रक्त घेतलं. आईबापाकडून आलेला रक्ताचा दोष वेळीच कळावा म्हणे. मी सांगितलं, आमच्या रक्तात काय शोधणार? जयराज हसला. का हसला ते ठाऊक आहे. मीही भरती झालो होतो. ट्रेनिंगमध्ये मलेरियाच्या गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात मला कावीळ झाली (तिथलं पाणी!), म्हणून मी होऊन परत आलो. गावात याला पळून येणं म्हणतात.

५ डिसेंबर
जयराजनं फौजी कँटीनचं नवं गुबगुबीत ब्लँकेट आणलं. सगळा वॉर्ड हात लावून बघतोय. जळफळाट झाला. लिहितो, वाचतंय कोण!
उद्या माझं मिलिटरीचं ब्लँकेट आणणार. दहा वर्षं ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपलंय. कसर लागू दिली नाही.

६ डिसेंबर, सकाळी
मुलीला गुंडाळलं. वॉर्डभर वास. सासूबाई म्हणाल्या, आवं जावईबापू, पोरीला लय उग्र लागंल. मी म्हटलं, जवानाच्या पोरीला चालतं.

८ डिसेंबर
मुलगी पिवळी पडली. डोळेसुद्धा. निळ्या दिव्याखाली ठेवलीय. तपासणीचा निकालही आला: रक्तात जन्मजात दोष, नाव जी-सिक्स-पीडी. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, हे शिराळ्याहून, सासुरवाडीकडून आलं. घाबरलो होतो, म्हणून जरा मोठ्यानं. जयराजच्या पोराचं सगळं नॉर्मल. अर्थात.

९ डिसेंबर
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणी मलेरियाच्या गोळ्यांनी पिवळं पडलं होतं का. उमानं माझ्याकडे बोट दाखवलं. माझं रक्त घेतलं. दोष माझाच. बापाचा हा दोष प्रत्येक मुलीत उतरतो. वरून अशा बाळाला डांबरगोळ्या बाधतात. ब्लँकेट वॉर्डाबाहेर. मी पण थोडा वेळ तिथंच उभा राहिलो.

११ डिसेंबर
कावीळ उतरतेय. जयराज व्हरांड्यात म्हणाला, गड्या, आमी समजत हुतो तू पळून आलास. तू तर खराच आजारी हुतास की रं.
दहा वर्षांत हे कुणी म्हटलं नाही. म्हणावं तर यानंच!
मुलीला त्याचंच कँटीनचं ब्लँकेट पांघरलंय. कुणी बघत नाहीसं बघून मघाशी हात लावला.
मऊ आहे.