ओढा वरूनच तपकिरी

प्रिय ऑस्मो,

तुझं पत्र मिळालं. गुडघा बरा आहे म्हणतोस. खरं असेल तर आनंदच आहे. हल्ली तू सांगतोस त्यातलं निम्मंच मी खरं धरते, राग मानू नकोस.

आपलं तळं बिघडलंय. दर शुक्रवारी मी होडीतून पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडते आणि ती कुठवर दिसते ते लिहून ठेवते. आपल्या बाबांच्या वेळी ती तीन मीटरवर दिसायची. या जूनमध्ये एका मीटरलाच दिसेनाशी झाली. जाळी गाळानं बुळबुळीत होऊन वर येतात, मासे नावालाच. सौनाच्या वाफेतून निघून तळ्यात उडी मारावी तर आधीपेक्षा जास्त मळून बाहेर यायचं!

माझा संशय रेयोवर होता. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याकाठच्या दलदलीतली पीटची काळी माती खणून तो जळणासाठी विकतो ना. मी दुकानात, चर्चच्या पायरीवर, जिथं तिथं त्याचं नाव घेतलं. एकदा तो दारात येऊन म्हणाला, "हिल्का, चाळीस वर्षं शेजारी आहोत गं. आधी ओढा चालून बघ, मग माझ्या नावानं शंख कर." मी म्हटलं, "चोराच्या उलट्या बोंबा!" आणि दार लावून घेतलं. त्याची बायको आयला तेव्हापासून कॉफीला येत नाही. मला तिची फार आठवण येते.

त्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून गेल्या मंगळवारी बाटल्या घेऊन मी ओढ्याकाठानं वर गेले. रेयोच्या हद्दीच्या वरच्या अंगालाही पाणी तपकिरी होतं. वाटलं, लबाडानं वरही कुठंतरी खणलंय. चालत राहिले, ती थेट आपल्या रानात पोचले. बाबांनी खणलेले जुने चर यंत्रानं नव्यानं खोल केलेत, आणि उघडी काळी माती ओढ्यात वाहतेय.

मग संशय तुझ्यावर वळला. रान दोघांच्या नावावर, पण चरांनी ओली जमीन सुकवून झाडं लवकर वाढवायची घाई तुझीच. असली कामं करून देणाऱ्या जंगल संघाच्या कचेरीत जाऊन कामाचा कागद मागितला. खाली तुझी सही होती, आणि शेजारी माझी. फेब्रुवारीत तू पाठवलेल्या गठ्ठ्यात, तू पिवळी चिठ्ठी लावलेल्या जागी, न वाचता केलेली. तू मुद्दाम लपवलंस, की ही कुठं वाचतेय म्हणून सोडून दिलंस, ते मला अजून कळत नाही. लाज मात्र माझी मलाच वाटते.

म्हणून हे पत्र. सोबत चर बुजवण्याचा अर्ज आहे. दोघांच्या सह्या लागतात, माझी केली आहे. तू वाच आणि मग कर. शनिवारी तळ्याच्या मंडळाची सभा आहे, आणि रेयोचं काम बंद पाडायचा ठराव मीच मांडलाय. तो मी सर्वांसमोर मागे घेणार आहे आणि तळं कुणी बिघडवलं ते सांगणार आहे. तुझी सही आली तर आम्ही चर बुजवतोय असंही सांगेन. नाही आली, तरी नावं दोन्ही घेईन.

तुझी बहीण,
हिल्का