अर्ध्या लाँड्रीचा जाहीरनामा

ती. आत्यास साष्टांग नमस्कार

(कमरेत उसण भरली आहे, म्हणून या वेळी नमस्कार मनातल्या मनात. वाकलो तर उठवायला दुकानात दुसरं कोणी नाही.) गेल्या मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता माझं आयुष्य बदललं, हे आधीच सांगून टाकतो, कारण तू पत्राचं दुसरं पान वाचत नाहीस अशी तुझ्या लेकीची तक्रार आहे. गुडघा कसा आहे? लेकीकडे जिने चढू नकोस. तू सोपवून गेलेली लाँड्री ठीक आहे, इस्त्री ठीक आहे, मीही मंगळवारपर्यंत ठीक होतो.

राज्यशास्त्राचं दुसरं वर्ष मी अर्ध्यावर का टाकलं, ते तुला ठाऊकच आहे. (सर म्हणाले, सामान्य माणसाला राजकारणातलं काही कळत नाही. मी म्हणालो, मग मी सामान्य माणूस होऊन दाखवतो, आणि दप्तर उचललं. बाबांच्या मते तेवढं एक मी आयुष्यात नीट करून दाखवलं.) पण विचार काही कॉलेजात ठेवून आलो नाही. राज्य सरकार नवा कायदा आणतंय: दुकानात राबणाऱ्या प्रत्येकाला बसायला खुर्ची आणि आठवड्याला एक भरपगारी सुट्टी. आपल्या व्यापारी मंडळाने लगेच विरोधाचं निवेदन काढलं, आणि अख्ख्या बाजारात सही न करणारा मी एकटा निघालो. कापडवाले अध्यक्ष सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझं काय जातंय रे? तुझ्याकडे कामाला एक माणूस तरी आहे का?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आहे की! मी आहे!" आणि तिथल्या तिथे स्वतःला कायदा लागू करून टाकला. तेव्हापासून दर सोमवारी मालक या नात्याने मी मला सुट्टी देतो, आणि कामगार या नात्याने बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहतो. जायचं कुठे? या गावात मला नावाने हाक मारणारं कोणी नाही. सगळ्यांना मी 'लाँड्री' आहे. 'ए लाँड्री, कॉलर कडक कर.'

आता पुठ्ठ्यांचं सांगतो. शर्टाच्या घडीत पुठ्ठा घालायचा आणि जो पुठ्ठा परत आणील त्याचे कपडे आधी द्यायचे, हा नियम तूच घातलास. तू त्यावर 'बटण लावले', 'डाग निघाला नाही, क्षमस्व' एवढंच लिहायचीस. मी पुढे गेलो. पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी पांढऱ्या कोटवाली मुलगी आठवते? दर मंगळवारी आपल्या कोटांबरोबर वडिलांचे शर्ट घेऊन येते ती. (येते नव्हे, यायची. त्याकडे येतोच.) आठ महिन्यांत ती माझ्याशी एकूण चार वाक्यं बोलली. त्यातली तीन 'बुधवारी मिळेल का?' आणि चौथं 'मग गुरुवारी?' यावर मी कसा जगत होतो, ते विचारू नकोस. एकदा धीर करून तिच्या गाठोड्यातल्या पुठ्ठ्यावर लिहिलं: 'विधानसभेत निम्म्या जागा स्त्रियांना हव्यात. आपले मत?' पुढच्या मंगळवारी पुठ्ठा परत आला, खाली पेन्सिलीने नाजूक अक्षरात: 'तत्त्वतः मान्य. परंतु आपल्या दुकानात कामाला स्त्रिया किती?'

आत्या, मी दोन तास एकाच बाहीवर इस्त्री फिरवत होतो. बाही गेली.

मग सुरूच झालं. उत्तर वाचलं की तो पुठ्ठा, नव्या पुठ्ठ्याबरोबर, मी पुन्हा तिच्याच गाठोड्यात घालायचो, संदर्भाला. मी शेतमजुरांच्या विम्यावर लिहायचो, ती (मला वाटायचं, ती) कलम अन् पोटकलम दाखवून माझी चूक काढायची. मी गावोगाव सरकारी दवाखाना मागायचो, ती विचारायची, डॉक्टर टिकतील कसे? इतका रोखठोक वाद माझ्याशी जन्मात कोणी घातला नव्हता. बाकीचे मला गप्प तरी बसवतात, नाहीतर निघून जातात. शेवटी महिन्यापूर्वी मी सगळं पणाला लावलं: 'माझ्या मते बदल स्वतःपासून व्हावा. जो जोडीदार या दुकानात येईल, त्याला पहिल्या दिवसापासून निम्मी भागीदारी देण्यास मी तयार आहे.' उत्तर आलं: 'विचार करण्यासारखे आहे.'

आणि मंगळवारी सव्वादहाला गाठोडं घेऊन तिचे वडील आले. निवृत्त मुख्य कारकून, भांग पाडलेला, शर्टाच्या खिशाला पेन्सिल लावलेली. ती पेन्सिल पाहताच मी इस्त्री उभी करून ठेवली. ते म्हणाले, मुलीची बदली झाली, रविवारी गेली, आता मीच येत जाईन. मग दुकानाच्या आत डोकावत, घसा साफ करत विचारलं, "बाई आहेत का?"

कुठल्या बाई? मला खरंच कळेना. मग त्यांनी सगळे पुठ्ठे काउंटरवर ठेवले, तारखेवार, दोऱ्याने बांधलेले. हे तू लिहितेस असं त्यांना वाटत होतं! (माझ्या अक्षराचं वळण तुझं. लहानपणी तूच गिरवून घेतलंस, भोग आता.) तू गेलीस हे मुलीने घरी सांगितलंच नव्हतं. तिला राजकारणाचा कंटाळा आहे, पुठ्ठा तिने कधी उलटून पाहिला नाही, हेही तेव्हाच कळलं. मी म्हणालो, बाई आठ महिन्यांपूर्वी लेकीकडे गेल्या, हे सगळं मी लिहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मग ती निम्मी भागीदारी?"

"ती... तात्त्विक होती."

"अस्सं," म्हणाले, आणि पुठ्ठे तिथेच ठेवून गेले. मी नंतर बसून सगळे पुन्हा वाचले. त्या सगळ्या पत्रव्यवहारात मला उद्देशून लिहिलेलं एक अक्षरही नव्हतं.

असो. माझी काळजी करू नकोस, मजेत आहे.

तुझा आज्ञाधारक (कायद्याच्या चौकटीत)
भाचा

ता. क. : सोबत सहा कोरे पुठ्ठे जोडतो. पत्राचं खरं कारण हेच. खुर्ची-सुट्टीच्या कायद्यावर तुझ्या हाताने दोन-दोन ओळी लिहून पाठव, मी त्यांच्या शर्टांत घालीन. वाटल्यास माझ्या विरुद्ध लिही. म्हातारा उत्तर देईल, आणि तुला धाडण्याआधी ते मला वाचायला तरी मिळेल.

ता. क. दुसरा : पाकीट फोडून पुठ्ठे काढून घेतले. लिहू नकोस. त्यांना एकदा फसवलं ते पुरे झालं. एका पुठ्ठ्यावर मीच लिहिलं आहे: 'विम्याच्या पोटकलम तीनबद्दल तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही.' खाली पहिल्यांदाच माझं नाव घातलं. शर्ट द्यायला स्वतः त्यांच्या घरी निघालो आहे. दारातून हाकलतीलही. हाकललं तर का, एवढं मात्र विचारीन.

ता. क. तिसरा : तू मला पत्र लिही. पाकिटावर दुकानाचं नाव नको, माझं घाल. हे उभ्याउभ्याच, कागद दाराला टेकवून लिहितोय. शर्ट काखेत आहेत. बाहेर आलो. दार लावलं.