माझ्या नाकाची निष्पक्ष चौकशी

१४ जानेवारी
सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड. ऑपरेशन नीट झालं, पण आता एकटीने राहणं बंद. बायको, चिझुरू, म्हणते, मार्चपासून आपण दोघं गावी जाऊन राहू. गाव योशिनोच्या डोंगरात, चारी बाजूंनी देवदार. आणि देवदाराचे परागकण म्हणजे माझ्या नाकाचा कर्दनकाळ. मी शांतपणे विचारलं, माझा जीव घ्यायचाय का? ती भांडी घासत राहिली.
घरजावई व्हायला माझी अजिबात हरकत नाही. हरकत नाकाची आहे.

१६ जानेवारी
कोबेहून थोरल्या भावाचा फोन. म्हणाला, अठ्ठावन्नाव्या वर्षी घरजावई? बाशिंग बांधून जा. आणि हसत सुटला. मला राग आला नाही. डोकं दुखलं ते थंडीने.

१९ जानेवारी
चिझुरूने विद्यापीठाच्या इस्पितळातून माहिती काढून आणली. परागकणांची ॲलर्जी असलेली माणसं हवी आहेत त्यांना, प्रयोगासाठी. एका खोलीत बसवतात, हवेत परागकण सोडतात, आणि नाकातून किती हवा जाते ते मशीन मोजतं. तिचं म्हणणं, एकदाचं मोजून टाकू. नाक बंद झालं तर आईला इथे ओसाकाला आणेन, विषय संपला. नाही झालं तर मार्चमध्ये जायचं. तुम्ही आलात तर दोघं, नाही तर मी एकटी.
'एकटी' हा शब्द तिने उगाच घातला. पण मी लगेच हो म्हटलं. विज्ञानावर माझा पूर्ण विश्वास आहे.

२७ जानेवारी
पहिली बैठक. डॉक्टर नागासावांनी समजावलं: बैठका दोन. एकीत परागकण, एकीत नुसती स्वच्छ हवा. कोणती कुठली, हे शेवटपर्यंत कुणालाच सांगणार नाहीत. मग नर्स मियाकेबाईंनी माझ्या एका नाकपुडीला नळी लावून पट्टी चिकटवली, तोंडावर मास्क दाबला आणि दुसऱ्या नाकपुडीने श्वास घ्यायला सांगितलं. स्क्रीनवर रेघ उमटते. 'तोंड मिटा हं, आजोबा,' म्हणाल्या. आजोबा!
खोलीत कागदी कपडे, कागदी टोपी. बसतो न बसतो तोच शिंका. डोळ्यांतून धारा. त्रास किती ते आपणच टॅबलेटवर नोंदवायचं; मी सगळीकडे शेवटचा आकडा दाबला, त्याच्या पुढचा नव्हता म्हणून. शेजारचा कॉलेजकुमार आरामात कॉमिक वाचत होता. काही लोकांना संवेदनाच नसतात. अधूनमधून बाहेर बोलावून मशीनवर मोजत होते.
बाहेर आल्यावर चिझुरूला म्हटलं, मरता मरता वाचलो. तिने माझा कोट धरला. चेहरा उतरला होता तिचा. वाईट वाटलं. पण सुटलो एकदाचा.

३ फेब्रुवारी
दुसरी बैठक. परागकण गेल्या वेळीच होऊन गेले, म्हणजे आज साधी हवा. साधा हिशोब. पण बाकीच्यांना तेवढंही सुचलं नाही. शिंकांचा नुसता कहर. कॉलेजकुमाराचे डोळे टोमॅटो झाले होते. माणूस मनाने किती कच्चा असतो! कीव आली. मी सगळीकडे शून्य दाबलं आणि झोपलो. मियाकेबाईंनी हलवून उठवलं.

१० फेब्रुवारी
निकाल. पहिल्या दिवशी साधी हवा होती. परागकण दुसऱ्या दिवशी.
मी म्हटलं, तुम्ही उलटं वाचताय. डॉक्टरांनी नम्रपणे पुन्हा पाहिलं. दोन्ही दिवसांची रेघ सारखीच. एवढं मोकळं नाक या वयात क्वचितच दिसतं, म्हणाले. पुढच्या वेळी निरोगी माणूस म्हणून याल का, असंही विचारलं.
वाटेत चिझुरूला समजावलं की मशीन डोळे मोजत नाही, घसा मोजत नाही. घरी आल्याबरोबर तिने बाल्कनीचं दार सताड उघडलं. बाहेर मरणाची थंडी. दाराकडे तोंड करूनच बोलली:
'आईकडे यायचं नाही, एवढं तोंडाने सांगितलं असतंत, तर दर वसंतात मी घर बंद करून बसले नसते. इतकी वर्षं तुमचे कपडे घरात वाळवले मी.'
मी म्हटलं, दार लाव, सर्दी होईल.

१ मार्च
तिची बांधाबांध चाललीय. मी मे महिन्यात येतो म्हटलं, परागकण ओसरल्यावर. तिने मान हलवली. कोणता मे, हे विचारलं नाही.
तिने जाऊ नये असं मला वाटतं. हे इथेच लिहितो. तिच्याशिवाय मला तांदळाचा डबासुद्धा सापडत नाही. आज जेवताना सांगायचं, नक्की: जाऊ नकोस, नाही तर मलाही ने. वाक्य पाठ केलं आहे.
जेवताना सोया सॉस मागितला.

४ मार्च
बॅग स्टॉपपर्यंत मीच नेली. बसमध्ये चढताना ती म्हणाली, 'वाटलं तर या. फक्त नाकाचं नाव काढू नका.' मी तोंड उघडलं आणि शिंक आली. खरोखरची होती. तिने पाहिलं आणि आत जाऊन बसली.

५ मार्च
सकाळपासून पाऊस. टीव्हीवर सांगितलं, आज हवेत परागकण नाहीत. दारं-खिडक्या बंद. तरी दोन्ही नाकपुड्या गच्च. भात करपला तो वासाने कळलाच नाही, धूर दिसला तेव्हा कळलं. तोंडाने श्वास घेत लिहितोय. डोळ्यांचंही पाणी थांबत नाही.
आता मोजा म्हणावं. हवेत काही नसताना हे कशाने होतंय, कळत नाही.